रंगाचा रकाना

वाचकाचं पत्र

आदरणीय बाई, जय ख्रिस्त.

मी 29 वर्षांची आहे. निफाड तालुक्यात राहते. बी. कॉम. झाले आणि द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये हिशेबाचं काम करते. घरी आई, दादा-वहिनी आणि धाकटी बहीण. बाबा मंडळीचं, म्हणजे चर्चचं, काम करायचे, ते सहा वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले.

मी काळी आहे. सावळी नाही, काळी. लहानपणी चुलतभाऊ ‘हिला आफ्रिकेतून आणलीय’ म्हणून हसायचे. शाळेत मुली म्हणायच्या, तुम्ही पोटासाठी बाटलेले. गेल्या चार वर्षांत सात स्थळं आली नि गेली. दादाने बायोडाट्यात रंग ‘गव्हाळ’ लिहिलाय, फोटोही मोबाईलवर उजळ करून पाठवतो. माणसं येतात, पोहे खातात, जातात. आई म्हणते, तुझ्यामुळे धाकटीचं अडलंय. वर्षभर मेडिकलमधून आणलेली गोरेपणाची एक ट्यूब लावतेय. आधी फरक पडला, आता उन्हात गेलं की चेहरा लाल होतो, आग होते.

रविवारी उपासनेत पापांगीकाराच्या, म्हणजे आपली पापं कबूल करायच्या वेळी मला दर वेळी रडू येतं. आमच्या प्रार्थना गटात सांगतात, आपण चिंध्या आहोत, किडे आहोत, स्वतःला काही समजणं हा गर्व. मला ते पटतं, कारण मला तसंच वाटतं. एक मैत्रीण म्हणते, रोज आरशासमोर उभी राहून म्हण, मी राजाधिराजाची कन्या आहे. म्हणून पाहिलं, पण माझं मलाच हसू आलं. पूर्वी उपासनेत पेटी वाजवायचे, ते सोडलं. पुढे बसावं लागतं म्हणून. कामावर मी रोज रिजेक्ट मालाची नोंद करते. परवा लिहिता लिहिता वाटलं, या यादीत आपलंही नाव घालावं. कधी कधी वाटतं, मी नसले तरी कुणाचं काय अडणार आहे. असं वाटणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण आहे का? मी काय करू?

— निफाड तालुक्यातली एक वाचक

बाईंचं उत्तर

बाळ, जय ख्रिस्त.

तुझ्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मी आधी घेते, बाकीचं सगळं थांबू शकतं. ‘मी नसले तरी’ हे तू सहज लिहून गेलीस की त्यामागे मरणाचे विचार आहेत, हे मला पत्रावरून कळत नाही. म्हणून सरळ विचारते. जीव द्यावासा वाटतो का? कसा द्यायचा, हेही मनात येऊन गेलंय का? उत्तर ‘हो’ असेल तर हे सदर पुढे वाचत बसू नकोस. 14416 या नंबरवर फोन लाव. ‘टेली-मानस’ ही सरकारची मोफत सेवा आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या किंवा कामावरच्या एका माणसाला आजच्या आज सांग. उत्तर ‘नाही’ असलं तरी झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, पूर्वी ज्यात जीव रमायचा ते सगळं बेचव लागत असेल आणि हे दोन-तीन आठवडे तसंच चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखव. मंडळीत कुणी म्हणेल की मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं. त्या व्यक्तीच्या डोळ्यांवर चष्मा आहे का, तेवढं बघून घे.

हे विश्वास कमी असल्याचं लक्षण आहे का, असं तू विचारतेस. एलीयाला विचारू. पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, आणि दुसऱ्याच पानावर तो रानात एका झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, आता पुरे झालं, माझा प्राण घे. त्यावर देवाने काय केलं? प्रवचन दिलं नाही, अविश्वासाबद्दल झापलंही नाही. एलीया झोपी गेला, देवदूताने त्याला उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू समोर ठेवला. तो जेवला, पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवायला घातलं, कारण पुढची वाट त्याला झेपण्यासारखी नव्हती. देव एलीयाशी बोलला तो पुढे होरेबाला पोचल्यावर. मी 31 वर्षं शाळेत शिकवलं. उपाशी पोराला पाढे विचारू नयेत हे मला या अध्यायाने शिकवलं. म्हणून तूही आधी झोप, जेवण आणि डॉक्टर एवढं बघ, मग माझं पुढचं वाच.

आता पापांगीकाराचं. मला एक सांग, त्या वेळी तू रडतेस ती नेमकी कशासाठी?

मला वाटतं, तू तुझ्या रंगाची क्षमा मागतेस. सात स्थळं परत गेली त्याची, बहिणीचं अडलं त्याची, आईच्या कपाळावरच्या आठ्यांची क्षमा मागतेस. यात तुझं पाप कुठलं? आपण काही वाईट केलं तर दोष लागतो आणि दोषावर क्षमा हे औषध आहे. कुणाशी खोटं बोललीस, कुणाचं मन दुखवलंस, तर गुडघे टेक, क्षमा माग आणि मोकळी हो. पण लाज ही वेगळी वस्तू आहे. दोष म्हणतो, मी चूक केली. लाज म्हणते, मीच चूक आहे. लाजेवर क्षमेचं औषध लागूच पडत नाही, कारण क्षमा करण्यासारखं तिथे काही नसतंच. म्हणून तू दर रविवारी रडतेस आणि दर सोमवारी तेच ओझं घेऊन कामावर जातेस. औषध खोटं नाही, पण आजारच दुसरा आहे.

येशू हा फरक किती चोख ओळखत होता ते पाहा. लूकाच्या तेराव्या अध्यायात एक बाई आहे, अठरा वर्षं कमरेत वाकलेली. मान वर करून कुणाच्या तोंडाकडे बघता येत नाही. सभास्थानात ती काही मागायला पुढे आलेली नाही, येशूनेच तिला बोलावलं. तिच्या पापाबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. तिला मोकळं करतो, ती सरळ उभी राहते, आणि सभास्थानाचा अधिकारी शब्बाथावरून कुरकुरतो तेव्हा सगळ्यांदेखत तिला ‘अब्राहामाची कन्या’ म्हणतो. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईचंही तसंच. ती गर्दीत लपून मागून त्याच्या वस्त्राला शिवली. तो थांबला, तिला पुढे आणलं आणि ‘मुली’ म्हणून हाक मारली. तिथेही पापाची गोष्ट नाही. पक्षाघाताच्या माणसाला मात्र तो आधी पापक्षमाच देतो. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या दुखण्याचं औषध. लाजेने वाकलेल्या माणसाला हवी असते हाक, नाव आणि चार माणसांत बसायला जागा.

तुमच्या प्रार्थना गटातल्या चिंध्या आणि किड्याबद्दलही थोडं बोलते, कारण अर्धं वचन सांगण्याची आपल्या लोकांना फार सवय. चिंध्या यशयाच्या चौसष्टाव्या अध्यायात आहेत. तिथे घाणेरड्या वस्त्राची उपमा दिलीय ती लोकांच्या नीतिकृत्यांना, ज्या पुण्याईवर ते फुगून बसले होते तिला. माणूस हीच चिंधी, असं तिथे म्हटलेलं नाही. त्याच प्रार्थनेत दोनच ओव्या पुढे तो म्हणतो, तू कुंभार, आम्ही माती, आम्ही सगळे तुझ्या हातची घडण. तिथपर्यंत गट पोचतच नाही, तोवर चहा येतो.

किडा बाविसाव्या स्तोत्रात आहे. ‘मी मनुष्य नाही, कीटक आहे’ असं म्हणणारा माणूस त्याच श्वासात कारणही सांगतो : लोक माझी निंदा करतात, मला तुच्छ मानतात, मला बघून नाकं मुरडतात. म्हणजे किडा हे देवाने त्याला दिलेलं नाव नाही. लोकांनी तुच्छ लेखलं की आतून कसं वाटतं, त्याचं ते वर्णन आहे. आणि चोविसाव्या ओवीत तो काय म्हणतो? देवाने पीडिताच्या दुःखाला तुच्छ मानलं नाही, त्याच्यापासून तोंड लपवलं नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी याच स्तोत्राची पहिली ओळ आली. तुला किड्यासारखं वाटतं हे मी नाकारत नाही. पण ते वाटणं तुझ्यात कुणी घातलं, याचा पत्ता तुझ्या पत्रात आहे आणि तो पत्ता स्वर्गातला नाही. चुलतभाऊ, शाळेतल्या मुली, पोहे खाऊन गेलेली माणसं यांचा आवाज तू देवाचा आवाज समजलीस.

मी हे पुस्तक वाचून सांगत नाही. माझ्या वयाच्या छत्तिसाव्या वर्षी डाव्या मनगटावर पांढरा डाग आला. सहा महिन्यांत दोन्ही हात, मग ओठांच्या कडा. कोड. गंमत बघ, तुला काळी म्हणून नाकारलं आणि मी पांढरी व्हायला लागले तर माझ्या शेजारी बसायला माणसं कचरायला लागली. माझ्या शाळेतल्या एका वरिष्ठांनी, मी शाळेचं नाव घेत नाही, मला वर्गाऐवजी ग्रंथालय घ्या असं सुचवलं; ‘तुम्हालाच आराम’. प्रभुभोजनाच्या वेळी एक वृद्ध बाई आवर्जून माझ्या आधी जाऊन बसायच्या, प्याला माझ्यानंतर ओठाला लागू नये म्हणून. त्यांचा राग नव्हता, पण ते दिसायचं. एकीने तर उपास करून कुठलं गुप्त पाप आहे ते शोधायला सांगितलं. मी शोधलं. चाळीस दिवस शोधलं. बारीकसारीक पुष्कळ सापडली, पण एकाचाही आकार माझ्या मनगटावरच्या डागाशी जुळेना. प्रार्थना केली, डाग गेले नाहीत. मला साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. दोन वर्षं मी मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज घातले. मग एका मे महिन्यात नगरच्या उन्हात इतकं उकडायला लागलं की मी शिंप्याकडे जाऊन सगळ्या बाह्या कापून आणल्या. आधी बाह्या कापल्या, धीर नंतर आला. हे तुला सांगते कारण तू बहुधा धीर यायची वाट बघत थांबली आहेस.

आता ‘आफ्रिकेतून आणलीय’ याबद्दल. तुझ्या चुलतभावांना ठाऊक नसेल, पण आफ्रिकेतून खरोखर आणलेली मुलं तुमच्या नाशकात होती आणि तीही आपल्याच मंडळीत. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या शाळेत राहून लिहायला-वाचायला आणि हाताची कामं करायला शिकली. त्यांतला एक जेकब वेनराईट. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले तेव्हा त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. त्या वेळची अंत्यविधीची उपासना वाचली ती या नाशिकच्या विद्यार्थ्याने, झाडावर नाव आणि तारीख कोरलीही त्यानेच. मग त्याने आणि सोबत्यांनी तो देह महिनोन् महिने चालत समुद्रापर्यंत आणला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनचं दफन झालं, तेव्हा मानकऱ्यांच्या रांगेत शवपेटीपाशी जेकब वेनराईट होता. चुलतभाऊ पुढच्या नाताळला भेटतील तेव्हा ही गोष्ट त्यांना जरूर सांग. टोमणा म्हणून नको. माहिती म्हणून.

‘पोटासाठी बाटलेले’ हे माझ्याही वाट्याला आलंय. माझं उत्तर साधं आहे. 1876 ते 78 च्या दुष्काळात नगर-सोलापूरकडे माणसं पाचोळ्यासारखी गेली. त्या दिवसांत गावकुसाबाहेरच्या माझ्या खापरपणजोबाला कुणी भाकर दिली आणि ती देताना सावली टाळली नाही, यात लाज वाटायची तर कुणाला वाटावी? येशूनेही पाच हजारांना जेवू घातलं, आणि जेवायच्या आधी कुणाचा हेतू तपासला नाही. खरी लाजेची गोष्ट निराळी आहे. आपल्यातच अजून स्थळ बघताना ‘मूळचे कोण?’ असं हळूच विचारतात. तुझ्या सात स्थळांपैकी किती या प्रश्नावर अडली आणि नाव रंगाचं पुढे केलं, कुणास ठाऊक.

आणि हो, ‘स्वतःला काही समजणं हा गर्व’. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. डॉक्टर व्हायला गेल्या होत्या, कानांनी दगा दिला, ऐकू कमी यायचं, म्हणून ते शिक्षण राहिलं. तिथल्या धर्मगुरूंनी आणि मायेने वागवणाऱ्या सिस्टरबाईंनीही अपेक्षा केली की या नव्या मुलीने सांगितलं ते मुकाट ऐकावं. रमाबाईंनी पत्रांवर पत्रं लिहून बजावलं की मला माझी स्वतःची बुद्धी आहे, विवेक आहे आणि तो देवानेच दिलेला आहे. त्या गर्विष्ठ होत्या का? पुढे त्याच बाईने केडगावात शेकडो टाकलेल्या मुलींना मांडीवर घेतलं. ज्या बाईला आपली मान कुणापुढे आणि किती वाकवायची हे कळतं, तिच्याच हातून अशी सेवा होते. प्रभूने शेजाऱ्यावर ‘स्वतःसारखी’ प्रीती करायला सांगितली आहे. तू स्वतःशी वागतेस तशी शेजारणीशी वागलीस तर ती बिचारी पोलिसांत जाईल.

तुझ्यासाठी मी एक उतारा काढून ठेवलाय, आणि तो द्राक्षमळ्याचा आहे म्हणून तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. गीतरत्नाचा पहिला अध्याय, पाचवी-सहावी ओवी. तिथली मुलगी यरुशलेमेच्या शहरी मुलींना सांगते की मी काळी आहे, सुंदर आहे. या दोन शब्दांच्या मधे मूळ इब्री भाषेत नुसतं एक अक्षर आहे, त्याचा अर्थ ‘आणि’ही होतो, ‘पण’ही होतो. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी ‘काळी आणि सुंदर’ लिहिलं. काही शतकांनी लॅटिन भाषांतरात ‘काळी पण सुंदर’ झालं, आणि आपल्याकडेही हा ‘पण’, हा ‘तरी’ रुळला. एका अक्षरात केवढा फरक! ‘काळी आहे पण नाकीडोळी नीटस’ हे वाक्य तू आयुष्यभर ऐकलं असशील. मी काही इब्री पंडित नाही, पण ‘आणि’ म्हणायला व्याकरणाची हरकत नसेल तर मी ‘आणि’च म्हणणार.

पण तुला खरं दाखवायचंय ते पुढचं. ती म्हणते, अशा माझ्याकडे टक लावून बघू नका, उन्हाने मला रापवलंय. माझ्या आईचे मुलगे माझ्यावर रागावले, त्यांनी मला द्राक्षमळ्यांची राखण करायला लावलं, आणि माझा स्वतःचा मळा मात्र माझ्याकडून राखला गेला नाही.

बाळ, हे तुझंच पत्र आहे. पगारातला किती भाग घरात जातो आणि स्वतःसाठी किती उरतो हे तू लिहिलं नाहीस. हिशेबाचं काम करणारी मुलगी हेच नेमकं विसरली. घर चालवायला हात लाव, त्यात काही वावगं नाही, वडील नसलेल्या घरात ते करावंच लागतं. पण दर महिन्याला ठरावीक रक्कम तुझ्या एकटीच्या खात्यात पडली पाहिजे आणि तिचा जाब कुणी विचारता कामा नये. बी. कॉम.च्या पुढे काही शिकायचं मनात होतं का? कुठे जायचं होतं का? चार वर्षं तुझं सगळं आयुष्य ‘स्थळ जमेपर्यंत’ या एका खुंटीला टांगलेलं आहे. मळ्याचं काम स्थळ येईपर्यंत थांबवून चालत नाही, छाटणी ज्या त्या महिन्यात करावी लागते, हे निफाडच्या मुलीला मी काय सांगणार.

तू रिजेक्ट मालाचं लिहिलंस. तिथे मी आता बेदाण्याची उपमा देणार, असं तुला वाटलं असेल : टाकलेली द्राक्षं सुकवली की बेदाणे होतात, जास्त गोड लागतात वगैरे. नाही देणार. बेदाणासुद्धा मालच. मण्याचा साईज मोजायला, डाग बघायला, पेटीत भरायला पॅकहाऊस ठीक आहे. बैठकीच्या खोलीत पोह्यांची ताटली घेऊन तुला पॅकहाऊससारखं उभं करतात, बिघाड तिथे आहे. चांगल्या प्रतीचा माल ठरून ते सुटायचं नाही.

म्हणून एक काम. दादाशी बोल. दादा वाईट आहे असं मला वाटत नाही. बापाची जागा अचानक अंगावर पडलेला, घाबरलेला मुलगा आहे तो. रात्री जेवणं झाल्यावर, आई समोर असताना, आवाज न चढवता सांग : ‘दादा, बायोडाट्यातला रंगाचा रकाना काढून टाक. गव्हाळ काढून काळा लिहू नकोस, रकानाच नको. आणि फोटो आहे तसा पाठव.’ तो म्हणेल, मग स्थळं येणार नाहीत. कमी येतील, खरं आहे. पण आत्ता येतात ती तुझ्यासाठी येतच नाहीत, त्या उजळ केलेल्या फोटोतल्या कुणा भलत्याच मुलीला बघायला येतात. आणि ती घरात नाही म्हटल्यावर परत जातात. सात नकारांतला एकही नकार अजून तुला मिळालेलाच नाही, असंही म्हणता येईल. आईला सांग, धाकटीचं बघायला सुरुवात करा, माझी हरकत नाही. थोरलीआधी धाकटीचं झालं तर आकाश कोसळत नाही. याकोबाच्या सासऱ्याने हाच नियम पुढे करून धाकटीऐवजी थोरली त्याच्या गळ्यात घातली आणि काय घोळ केला ते आईला माहीत असेल.

लग्न ठरेल की नाही, मला माहीत नाही. देवाने तुझ्यासाठी कुणीतरी राखून ठेवलाय, असं मी म्हणणार नाही. अशा वचनाचा आधार मला पवित्र शास्त्रात कुठे सापडलेला नाही आणि त्या वाक्याच्या भरवशावर कितीतरी मुली ताटकळत बसलेल्या मी पाहिल्या.

आरशाबद्दल. तुझी मैत्रीण चांगल्या मनाची आहे, पण हसू आलं त्यात तुझी चूक नाही. शास्त्रात कुणीही आरशापुढे उभं राहून स्वतःला आपली ओळख सांगत नाही. ती दुसऱ्याच्या तोंडून येते. जक्कय झाडावर बसून ‘मी मोलाचा आहे’ असं पुटपुटत नव्हता. येशूने खालून नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणाला. उलट आपण आपल्याच डोळ्यांनी बघितलं की काय होतं ते गणना पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे. कनान देश हेरायला गेलेले परत येऊन सांगतात, तिथल्या धिप्पाड माणसांपुढे आम्ही आमच्याच नजरेत नाकतोड्यांएवढे होतो, आणि त्यांच्याही नजरेत तसेच. आता त्या धिप्पाड माणसांना कुणी जाऊन विचारलं होतं का? नाही. हेरांनी स्वतःच ठरवलं आणि त्या माणसांच्या डोळ्यांत भरलं. तूही पॅकहाऊसमधल्या, मंडळीतल्या किती माणसांच्या वतीने स्वतःच्या विरुद्ध साक्ष देऊन बसली आहेस?

म्हणून आरसा सोड आणि एक माणूस शोध. एकच. थोडी मोठी, पोटात ठेवणारी बाई. तुझे पाळकसाहेब किंवा त्यांच्या मिसेस तशा असतील तर उत्तम. पण प्रार्थना गटात हे ‘प्रार्थनेची विनंती’ म्हणून मांडू नकोस. रविवारी केलेली विनंती मंगळवारपर्यंत तालुकाभर झालेली मी पाहिली आहे. त्या बाईकडे आठवड्यातून एकदा जा, या आठवड्यात कुणाचं काय लागलं ते सांग. जे तुझ्या हातून चुकलं असेल त्याची देवाकडे क्षमा माग. जे तुझं चुकलेलं नाही, नुसतं दुखलंय, त्याचं गाऱ्हाणं घाल. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांत गाऱ्हाण्यांचा वाटा केवढा मोठा आहे! तेरावं घे, अठ्ठ्याऐंशीवं घे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी ‘हालेलुया’सुद्धा नाही. देवापुढे असं बोललेलं चालतं, म्हणून तर ते तिथे ठेवलंय.

आता पेटी. बाकी काही जमलं नाही तरी हे कर. तू पेटी सोडलीस तेव्हा तुमच्या मंडळीने कुणाला बसवलं, मला माहीत नाही. बहुतेक मोबाईलवर ट्रॅक लावत असतील आणि म्हातारी माणसं दोन ओळी मागे राहत असतील. पाळकांना सांग, पुढच्या महिन्यापासून एक गीत मी घेते. एकच. तुला पुढे बसवत नसेल तर पेटी खांबाच्या बाजूला ठेवायला सांग, पेटीला पाय नाहीत पण हलवता येते. पहिल्या रविवारी हात थरथरतील आणि भाता नीट मारला जाणार नाही. माझ्याही त्या आखूड बाह्यांच्या पहिल्या दिवशी खडू तीनदा पडला होता. लोक बघतील. थोडा वेळ बघतील, मग गीताच्या पुस्तकात नंबर शोधायला लागतील.

राहिली ती ट्यूब. वर्णनावरून त्यात स्टिरॉईड असावं असा मला संशय आहे, कोडाच्या निमित्ताने त्वचेच्या डॉक्टरांच्या दारात मी पुष्कळ बसले आहे आणि अशा चेहऱ्याच्या मुली तिथे रांगेने पाहिल्या आहेत. आधी उजळ वाटतं, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात, केस उगवतात. एकदम बंद केली तरी कधी कधी चेहरा जास्त भडकतो, म्हणून स्वतःच्या मनाने काही करू नकोस. या आठवड्यातच त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. नाशिकच्या सिव्हिलला गेलीस तरी चालेल. उन्हात ओढणी घे. आणि जाताना ट्यूब खोक्यासकट बरोबर ने, लाजून फेकून देऊ नकोस. डॉक्टरांना तिच्यावरची बारीक अक्षरातली नावं वाचायची असतात.

तुझी,
बाई